सही करायच्या आधी खोकं उघडा

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी एवढी पोरं जमतील असं मला खरंच वाटलं नव्हतं, धुळ्याहून आलेत, शहाद्याहून आलेत, भुसावळचे तर आहेतच. आज इंजिन, ट्यूनिंग, टायर यातलं काहीच बोलणार नाहीये मी. खोक्याबद्दल बोलणार आहे. आपण रेसच्या फेअरिंगचा, म्हणजे बाइकच्या तोंडाला, बाजूंना आणि खाली बसणाऱ्या कवचाचा, सेट मागवतो, पैसे आधी भरतो, पंधरा-वीस दिवस वाट बघतो, आणि मग ते पलंगाएवढं खोकं दारात येतं आणि उचलल्यावर आतून खळखळ वाजतं. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला पोटात काय होतं ते सांगायला नको.

आमच्याकडे झालं ते आधी सांगतो. भाच्याच्या यामाहा आर वन फाइव्ह बाइकसाठी सेट मागवला होता, वरचं तोंड, दोन्ही बाजू, इंजिनच्या खालचं बेली पॅन आणि सीटचं शेपूट, सगळं फायबरचं, दक्षिणेतल्या एका बनवणाऱ्याकडून, चोवीस हजाराला. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर जायला अकरा दिवस राहिले होते. खोकं आलं तेव्हा मी गॅरेजात क्लच उघडून बसलेलो आणि घरी फक्त आई. डिलिव्हरीवाला म्हणाला मावशी इथे सही करा, तिने केली, त्यात तिची काय चूक, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी उघडलं तर खोक्याचा एक कोपरा आत दबलेला, आणि बरोबर त्याच कोपऱ्यात बेली पॅनचा पुढचा ओठ होता, त्याला वीतभर चीर. बनवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणे आम्ही नीट पाठवलं, ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा. ट्रान्सपोर्टवाला म्हणे सही क्लीन आहे, शेरा काहीच नाही, आता आम्ही काय करणार. आठ दिवस दोघांमध्ये आम्ही चेंडूसारखे फिरलो आणि एक रुपया मिळाला नाही. भाचा कंपनीच्या स्टॉक फेअरिंगवर प्रॅक्टिसलाही उभा राहू शकला नाही.

आता हे फुटतं का ते समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. कंपनीच्या रस्त्यावरच्या गाडीचं फेअरिंग असतं एबीएस प्लास्टिकचं, ते वाकतं, दम खातं. रेसचं बहुतेक असतं काचेच्या धाग्याची मॅट आणि तिला धरून कडक होणारं पॉलिएस्टर रेझिन, जाडी दीड-दोन मिलीमीटर, आणि वरून जेलकोटचा पातळ थर. त्या जेलकोटमध्ये धागाच नसतो, नुसतं रेझिन, म्हणून तो सगळ्यात आधी तडकतो. वजन कमी पाहिजे म्हणून हे पातळ करतात, ते बरोबरच आहे. गाडीवर बसल्यावर दहा ठिकाणी बोल्ट धरून ठेवतात त्याला. खोक्यात मात्र त्याला कोणीच धरलेलं नसतं, ते नुसतं पोकळ कवच असतं. तुमचं खोकं कोइम्बतूरहून जळगावला येताना दोन-तीन तरी गोडाऊनला उतरतं चढतं, प्रत्येक ठिकाणी हमालाला रात्रीत शेकडो नग हलवायचे असतात, आणि खोकं मोठं पण हलकं म्हणून ते वर फेकलं जातं नाहीतर त्याच्यावर पंपाचं खोकं ठेवलं जातं. फ्रॅजाइलचं स्टिकर बघायला त्याला वेळ नसतो हो, त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

आणि आपण खान्देशातली माणसं, आपल्याला हे केळीवरून कळायला पाहिजे. रावेर-सावद्याच्या पॅकहाऊसमध्ये जाऊन बघा, फणीफणीमध्ये फोमचा कागद घालतात, खोक्यात जागा मोकळी ठेवत नाहीत. का, तर कच्च्या हिरव्या केळीला लागलेला मार त्या दिवशी दिसतच नाही. पिकायला लागली की मग काळा डाग वर येतो. फायबरचं अगदी तसंच आहे. दाब आला की ते वाकतं आणि दाब गेला की परत जागेवर येतं, वरून चकचकीत, पण आत थर सुटलेले असतात, आणि चार लॅप मारल्यावर इंजिनच्या थरथरीने तिथे चीर उघडते. म्हणून नुसतं डोळ्याने बघून "ठीक आहे भो" म्हणायचं नाही.

मग बघायचं कसं? पॅनल उन्हाकडे धरा, किंवा मागून मोबाइलचा टॉर्च लावा. रंग न दिलेलं, पातळ जेलकोटचं फायबर असेल तर उजेड आरपार येतो आणि जिथे थर सुटलेत तिथे पांढुरका ढग दिसतो. काळं किंवा रंगीत असेल तर नाण्याने वाजवत जा, बोटाबोटाच्या अंतराने. चांगल्या जागी टण टण, सुटलेल्या जागी भद्द. आपल्या बाया माठ घेताना वाजवून घेतात ना, तेच. जेलकोटवर चांदणीसारख्या बारीक रेघा एका बिंदूतून फुटलेल्या दिसल्या तर बहुतेक मार आतल्या बाजूने बसलाय, म्हणजे खोक्यातच दुसरा पार्ट त्याच्यावर आपटलाय. असं असेल तर दोष पॅकिंगचा जास्त, आणि बनवणाऱ्याशी बोलताना हा मुद्दा फार कामाला येतो. बोल्टची कानं, काचेच्या कडेचा भाग, शेपटाचं टोक आणि बेली पॅनचा पुढचा ओठ, एवढ्या जागा दोनदा बघायच्या.

आता दारातली गोष्ट. खोकं आल्यावर पहिलं काम, हात लावायच्या आधी सहाही बाजूंचे फोटो, लेबल आणि बिल्टी नंबर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा नंबर, दिसेल असे. मग डिलिव्हरीवाल्याच्या समोर उघडायचं, आणि मोबाइलवर व्हिडिओ चालू, टेप कापायच्या आधीपासून शेवटचा पार्ट बाहेर येईपर्यंत, मध्ये बंद करायचा नाही. तो म्हणेल साहेब मला अजून चाळीस घरं करायची आहेत. त्याच्यावर ओरडू नका, पाणी द्या, पण सही अडवून ठेवा. तो थांबलाच नाही तर सहीच्या शेजारी स्वतःच्या हाताने लिहा, "खोक्याचा कोपरा दबलेला, आतला माल न तपासता ताब्यात घेतला", तारीख, वेळ. मोबाइलच्या काचेवर बोटाने सही घेत असतील तर शेऱ्याचा रकाना मागा, नाहीच मिळाला तर त्याच मिनिटाला कंपनीला फोटोसकट ईमेल टाका. आपल्याकडे भीड फार असते, समोरच्या माणसाला वाईट वाटेल म्हणून आपण "जाऊ द्या" म्हणतो. हे जाऊ द्यायचं नाही. आणि घरात जो कोणी सही करू शकतो, आई, बायको, शेजारचे काका, त्याला आधीच हे सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नव्हतं, तिथेच सगळं गेलं.

खोकं, फोम, टेप काहीही फेकू नका. होल पाडू नका, प्रायमर मारू नका. गाडीवर नुसतं लावून बघा, हाताने, बोल्ट न आवळता, कारण एकदा ड्रिल लागलं की बनवणारा सरळ म्हणतो तुम्हीच फोडलं, आणि त्याला खोटं ठरवायला तुमच्या हातात काही उरत नाही.

कायद्याचं थोडं सांगतो, कंटाळू नका. २००७ चा कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट आहे, त्यात ट्रान्सपोर्टवाला तर येतोच, दारोदार माल पोचवणारी कुरिअरसुद्धा येते. माल फुटला तर त्यांचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करत बसावं लागत नाही. पण केस करायच्या आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल बुक झालेल्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. बुक झालेल्या तारखेपासून बर्का, तुमच्या हातात आल्यापासून नाही. दुसरं, भरपाईला मर्यादा आहे. त्यांनी जास्त जोखीम घ्यावी म्हणून जास्तीचा दर भरला नसेल तर भाड्याच्या दहापट, आणि तेही बिल्टीवर लिहिलेल्या किमतीच्या वर नाही. म्हणजे भाडं १,८०० असेल तर जास्तीत जास्त १८,०००. आणि बिल्टीवर बनवणाऱ्याने टॅक्स वाचवायला "सॅम्पल, किंमत ५००" लिहिलं असेल तर पाचशेच. म्हणून ऑर्डर देतानाच सांगा की खरी किंमत लिही आणि ट्रान्झिट इन्शुरन्स घे, त्याचे जे काय होतील ते मी देतो. बिल्टीवर "ओनर्स रिस्क", म्हणजे जोखीम मालकाची, असं छापलेलं बघून घाबरू नका, निष्काळजीपणा झाला तर त्या दोन शब्दांमागे माल नेणाऱ्याला लपता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. परदेशातून विमानाने मागवत असाल तर मुदत फार कमी, माल मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी तक्रार. आणि कोणीच ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, चेन्नईला जायची गरज नाही. फक्त माल स्वतःच्या वापराचा पाहिजे, दुकानात विकायला मागवलेला असेल तर तिथे अडचण येते.

बनवणाऱ्याशी मात्र गोडीने बोला. बरेचसे छोटे कारागीर असतात, चार माणसांचं शेड, त्यांचंही नुकसान होत असतं. फोटो त्याच दिवशी गेले आणि भाषा सरळ असली तर बहुतेक जण नवीन पार्ट तरी देतात नाहीतर पैसे कमी करतात. जेलकोटची रेघ किंवा एखादं कान तुटलं असेल तर मी स्वतः पैसे कमी करून घेतो आणि दुरुस्त करतो, कारण परत पाठवायचं म्हणजे तेच गोडाऊन, तोच प्रवास, पुन्हा.

पण बेली पॅनचं वेगळं आहे आणि इथे मी कोणाचं ऐकत नाही. ते शोभेसाठी नसतं. इंजिन फुटलं तर ऑइल ट्रॅकवर न सांडता त्याच्यात साचायला पाहिजे. जागतिक सुपरबाइकच्या नियमात तर लिहिलंय की इंजिनमधलं ऑइल आणि कूलंट मिळून जेवढं भरतं त्याच्या निम्मं तरी खालच्या फेअरिंगमध्ये मावलं पाहिजे, आणि तळाला जे २५ मिलीमीटरचं भोक असतं ते कोरड्या रेसमध्ये बंदच ठेवायचं, पाऊस असेल तरच उघडायचं. मागचा मुलगा गुडघा टेकवून टर्नमध्ये येतोय आणि तुमचं ऑइल तिथे पडलंय, एवढं चित्र डोळ्यासमोर आणा. म्हणून बेली पॅन आलं की मी ते अंगणात विटांवर लेव्हल ठेवतो, खाली वर्तमानपत्र पसरतो, भोक बंद करून पाणी भरतो आणि पाण्यात कपड्याची नीळ दोन थेंब टाकतो. रात्रभर तसंच. सकाळी कागदावर निळा ठिपका दिसला की पॅन नापास. भाच्याच्या पॅनला आम्ही चीर बुजवली होती, वरून हात फिरवला तर कळतसुद्धा नव्हतं, आणि सकाळी कागदावर बोराएवढा निळा डाग. ती रेस आम्ही सोडली. पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, पण मला आजही वाटतं ते बरोबर केलं.

दुरुस्ती शिकलो मी एमआयडीसीतल्या एका कूलर बनवणाऱ्या मिस्त्रीकडून. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर, त्याच्या फायबरच्या बॉड्या आणि टाक्या करणारे लोक आहेत, फायबरचं त्यांच्याइतकं बाइकवाल्यांना कळत नाही. त्याने आमचं पॅन हातात घेतलं आणि पहिलं वाक्य बोलला, "वरून बुजवलं, आतून कोण बुजवणार?" मग दाखवलं. चिरेच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलीमीटरचं भोक, म्हणजे चीर पुढे पळत नाही. आतल्या बाजूने ८० नंबरच्या पेपरने घासून चिरेच्या दोन्ही अंगाला चांगला रुंद उतार करायचा, धागे दिसेपर्यंत, चकाकी राहिली तर काही चिकटत नाही. अ‍ॅसिटोनने पुसायचं. मग मॅटचे तीन थर, पहिला लहान, पुढचा त्याच्याहून मोठा, ब्रशने घासायचं नाही, टोचत जायचं म्हणजे हवा निघते. पॉलिएस्टरऐवजी एपॉक्सी रेझिन वापरणार असाल तर ही नेहमीची मॅट घेऊ नका, तिचा डिंक पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, एपॉक्सीत नाही, तिथे विणलेलं कापड घ्या. आणि एकदा एपॉक्सी लावलं की त्याच्यावर परत पॉलिएस्टर नीट धरत नाही, हेही आधीच ठरवून घ्या.

हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं औषध, रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी दोन टक्के टाकलं तर ब्रश बुडवेपर्यंत मगात दगड तयार. सकाळी सहाला करा, एक टक्क्यावर करा, थोडं थोडं कालवा. दुकानात रेझिन, हार्डनर आणि कोबाल्ट अशा तीन बाटल्या देतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत कधीच, कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवायचं, मग हार्डनर. आणि हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा लावल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही. धूळ घासताना मास्क. शर्टाच्या बाह्या खाली.

पुढच्या वेळी मागवताना पॅकिंगचा फोटो आधी मागा. खालचं पॅन वरच्या तोंडाच्या पोटात, मध्ये फोम, पोकळी कुठेच नाही, खोकं सात प्लायचं आणि चार कोपऱ्यांना लाकडी पट्टी. भाडं वाढतं, कारण कुरिअर वजन नाही, आकार मोजते. ११० बाय ६० बाय ५० सेंटीमीटरचं खोकं ५,००० ने भागलं तर ६६ किलो धरतात, आतला माल सहा-सात किलोचा असला तरी. तेवढ्या भाड्यात मग पट्टीचे दोनशे रुपये वाचवू नका.

इथे टेबलावर दोन पॅनल ठेवलेत, एक चांगलं आणि एक आतून सुटलेलं, वरून दोन्ही सारखीच दिसतात. दहाचं नाणं घेऊन एकेक जण या आणि वाजवून बघा, कोणतं कोणतं ते मी नंतर सांगतो.