बरा झालेला ससा

(पुण्यातील एका व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, ज्याला आपण गरमी म्हणतो आणि जुन्या वैद्यांनी फिरंगरोग म्हटलं, त्या सिफिलिसबद्दल चारचौघांत बोलायला पुण्यातही अजून संकोच वाटतो. मी आज मोकळेपणानं बोलणार आहे, कारण लपून राहणं हेच या जंतूचं बळ आहे.

ट्रेपोनेमा पॅलिडम हा सिफिलिसचा जंतू 1905 साली बर्लिनमध्ये सापडला. पण इतर जंतूंसारखा तो बशीत वाढत नाही, म्हणून शंभराहून जास्त वर्षं संशोधकांनी तो सशांच्या वृषणात जिवंत ठेवला. 1912 मध्ये एका रुग्णाच्या मणक्यातल्या पाण्यातून मिळालेला निकोल्स वाण आजही प्रयोगांत आहे. उंदराला सहसा माणसासारखा व्रण उठत नाही. सशाला उठतो.

सशाची पाठ भादरतात आणि रोज भादरत राहतात. खोली 20 अंशांच्या आसपास गार ठेवतात. या जंतूला उष्णता सोसत नाही. कातडीत जंतू टोचल्यावर पहिले काही दिवस काहीच दिसत नाही, कारण दुप्पट व्हायला तो 30 तासांहून अधिक वेळ घेतो. मग लालसर, बोटाला कडक लागणारी गाठ येते आणि मधोमध फुटते. आत टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जमतात, इंटरफेरॉन गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडतात, त्यानं भक्षक पेशींना जोर येतो. रक्तात अँटिबॉडीज, म्हणजे जंतूला ओळखून धरणारी प्रथिनं, तयार झालेल्या असतातच. त्या जंतूला चिकटल्या की भक्षक पेशींना तो धरून गिळता येतो. व्रणातले बहुतेक जंतू असे संपतात आणि जखम भरते. औषधाचा एक थेंबही न देता! बऱ्या सशाचं नुसतं सिरम, म्हणजे रक्तातलं अँटिबॉडीज असलेलं पाणी, दुसऱ्याला दिलं, तर मात्र व्रण फक्त उशिरा उठतो, टळत नाही.

आता मला वर्षानुवर्षं अस्वस्थ करणारी गोष्ट सांगतो. काही महिन्यांनी त्याच सशाला तोच वाण पुन्हा टोचला, तर व्रण उठत नाही. पण त्याच्या गुडघ्यामागची लसिकाग्रंथी काढून, वाटून निरोगी सशाला टोचली, तर त्या दुसऱ्या सशाला सिफिलिस होतो. नव्या जंतूला आत न घेणारं शरीर जुन्याला सांभाळून बसलेलं असतं.

हे कसं? या जंतूच्या बाहेरच्या आवरणावर प्रथिनं फारच थोडी असतात, अँटिबॉडीला धरायला जागाच कमी. त्यातल्या टीपीआर-के या प्रथिनाचे सात भाग तो बदलत राहतो. कालच्या रूपावर बनलेली अँटिबॉडी आजच्या रूपाला ओळखत नाही.

तरी शरीराला हे अशक्य नाही. 1973 मध्ये मिलर या संशोधकानं गॅमा किरणांनी निकामी केलेले जंतू सशांना 37 आठवड्यांत 60 वेळा टोचले, आणि ते ससे पुरते सुरक्षित राहिले. पण 60 सुया माणसाला कोण देणार? लस अजून नाही.

पेनिसिलिन आहे, आपल्या पिंपरीतच ते 1950च्या दशकापासून बनलं. पण न दुखणारा, आपला आपण भरलेला व्रण घेऊन दवाखान्यात कोण जातं? म्हणून गरोदरपणात नाव नोंदवताना बाईचं रक्त व्हीडीआरएलसाठी काढतात; सिफिलिसच्या या तपासणीत रोग असला की थेंबात गुठळ्या धरतात. तिच्या अंगावर खूण नसते, तिला कधी काही झाल्याचं आठवतही नसतं, आणि काचपट्टीवरच्या थेंबात बारीक गुठळ्या धरलेल्या दिसतात.