अमाझिलिया हमिंगबर्ड अमाझिलियातून बाहेर का गेला?

नमस्कार मंडळी. आज विषय हमिंगबर्डचा आहे, पण सुरुवात पुण्यातल्याच एका पक्ष्यापासून करू.

वेताळ टेकडीवर किंवा सोसायटीतल्या जास्वंदीवर तुम्ही जांभळा शिंजीर पाहिलाच असेल. विणीच्या दिवसांत नर लांबून नुसता काळा दिसतो, आणि अंगावर ऊन आलं की निळा-जांभळा झळकतो. त्याचे फोटो लोक हमिंगबर्ड म्हणून पाठवतात. भारतात हमिंगबर्ड नाही. त्याच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत, आणि त्या सगळ्या दोन्ही अमेरिका खंडांत आणि आसपासच्या बेटांवर. पण हमिंगबर्डच्या नावांमध्ये जो घोळ आहे, तो आपल्या शिंजीराच्याही वाट्याला आलेला आहे.

(स्क्रीनवर: जांभळ्या शिंजीराची दोन नावं)

जुन्या पुस्तकांत याचं शास्त्रीय नाव नेक्टारिनिया एशियाटिका. आता सिनिरिस एशियाटिकस. का बदललं? नेक्टारिनिया हा जीनस, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट (शास्त्रीय नावातला पहिला शब्द त्याचाच), फार मोठा झाला होता, त्याची वाटणी झाली. आणि वाटणीत जुनं नाव कुणाकडे जाणार हे मतदानानं ठरत नाही. प्रत्येक जीनसला एक टाइप स्पीशीज असते, म्हणजे ते नाव जिच्याशी कायमचं बांधलंय अशी एक जात. भावाभावांत दुकानाची वाटणी झाली की जुनी पाटी ज्याच्या नावावर परवाना त्याच्याकडे राहते, तसंच. नेक्टारिनियाची टाइप स्पीशीज आफ्रिकेतला मॅलाकाइट सनबर्ड. आपला शिंजीर वेगळ्या गटात गेला, म्हणून नाव तिकडेच राहिलं. एशियाटिकाचं एशियाटिकस झालं, कारण सिनिरिस पुल्लिंगी आहे आणि विशेषणानं जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलायचं असतं.

आता हमिंगबर्डकडे येऊ.

फ्रेंच निसर्गतज्ज्ञ रेने लेसन यांनी १८४३ मध्ये अमाझिलिया हा जीनस मांडला. पुढे त्यात इतक्या जाती येऊन पडल्या की तो आकडा तीसच्या आसपास गेला. २०१४ मध्ये मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २८४ जातींच्या डीएनएवरून हमिंगबर्डची वंशावळ मांडली, आणि अमाझिलियातले पक्षी वंशावळीत भलत्याच वेगवेगळ्या फांद्यांवर निघाले. मग २०१७ मध्ये स्टाइल्स, रेम्सेन आणि मॅग्वायर यांनी या सगळ्या गटाची नव्यानं मांडणी केली.

आणि इथे मजा बघा. पेरू आणि इक्वेडोरच्या कोरड्या पश्चिम पट्ट्यात एक पक्षी आहे. चोच लाल, टोकाला काळी. गळा हिरवा चमकदार, पोट तांबूस. याचं नावच अमाझिलिया हमिंगबर्ड, पूर्ण शास्त्रीय नाव अमाझिलिया अमाझिलिया. कुणालाही वाटेल, जीनसचं नाव यालाच मिळणार. नाही मिळालं! लेसन यांच्या जीनसची टाइप स्पीशीज नंतर ठरवली गेली, आणि ती होती सिनॅमन हमिंगबर्ड, मेक्सिकोपासून कोस्टारिकापर्यंत आढळणारा, गळ्यापासून पोटापर्यंत दालचिनी रंगाचा पक्षी. हे दोघं वेगळ्या फांद्यांवर गेले. म्हणून अमाझिलिया हे नाव सिनॅमनकडे राहिलं, आणि पेरूचा पक्षी झाला अमाझिलिस अमाझिलिया. अमाझिलिस हे ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ जॉर्ज ग्रे यांनी १८५५ मध्ये छापलेलं नाव, ते कपाटातून बाहेर काढलं.

तुम्ही म्हणाल, अमाझिलिया आणि अमाझिलिस, एका अक्षराचा फरक, किती गोंधळ होईल! होतोच. पण प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता स्पष्ट सांगते की जीनसच्या दोन नावांत एका अक्षराचाही फरक असेल तर ती दोन वेगळी नावं. अगदी सारखं नाव मात्र अख्ख्या प्राणिसृष्टीत दोन जीनसना चालत नाही. पक्ष्याचं नाव आधीच एखाद्या गोगलगायीला दिलेलं असेल, तर पक्ष्याला नवं शोधावं लागतं.

खरी भानगड आहे ती 'नंतर ठरवली' या दोन शब्दांत. आज नवा जीनस मांडताना टाइप स्पीशीज सांगावीच लागते, १९३० नंतरच्या नावांना ते बंधनकारक आहे. एकोणिसाव्या शतकात तसं नव्हतं. लेखक पाच-सहा पक्षी एकत्र ठेवून नाव द्यायचा आणि मोकळा व्हायचा. मग कित्येक वर्षांनी दुसरंच कुणीतरी त्यातला एक निवडायचं, आणि जी निवड आधी छापली गेली ती बंधनकारक. त्यामुळे डीएनए कितीही अचूक असला तरी नावाचा निकाल जुन्या पानावरच लागतो. मला हे काम फार मोलाचं वाटतं. प्रयोगशाळेइतकाच मान ही जुनी पानं उलटणाऱ्यांना मिळायला हवा, आणि तो मिळत नाही.

व्हायोलेट-क्राउन्ड हमिंगबर्डचं उदाहरण घ्या. पांढरंशुभ्र पोट, जांभळं डोकं, लाल चोच. २०१७च्या मांडणीत याला ल्युकोलिया हे जुनं नाव दिलं. ते पक्ष्यांच्या याद्यांमध्येही गेलं. २०२१ मध्ये मरे ब्रूस आणि गॅरी स्टाइल्स यांनी दाखवलं की ते नाव या गटाला लागूच होत नाही, आणि रामोसोमिया हे नवं नाव दिलं. स्टाइल्स तेच, २०१७च्या मांडणीतले. स्वतःचंच छापलेलं चार वर्षांत दुरुस्त केलं. 'शास्त्रज्ञांना उद्योग नाही म्हणून नावं बदलतात' असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं ते यामुळेच.

जाता जाता एक. जमैकाचा राष्ट्रीय पक्षी, लांब शेपटीचा डॉक्टर बर्ड, त्याला शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये नाव दिलं ट्रोचिलस पॉलिटमस. पॉलिटमस नावाचा जीनसही आहे, फ्रेंच पक्षीतज्ज्ञ ब्रिसन यांचा, १७६०चा. पण त्यात पॉलिटमस ही जात नाही! ती ट्रोचिलसची टाइप स्पीशीज आहे, ती हलणार नाही.

नाव हललंय का हे ओळखायची एक साधी खूण सांगतो. शास्त्रीय नावापुढे ते देणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहितात, ते कंसात आहे का बघा.

(स्क्रीनवर: गॅलेरिडा डेव्हा (साइक्स, १८३२))

हा साइक्सचा चंडोल, सासवडकडच्या माळांवर दिसतो. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये छापली, त्यात याला अलौडा जीनसमध्ये ठेवलं होतं. पुढे तो गॅलेरिडात गेला, म्हणून साइक्स यांचं नाव कंसात आलं. सिनॅमन हमिंगबर्डपुढेही तसाच कंस आहे. लिनियसच्या ट्रोचिलस पॉलिटमसपुढे नाही. तुमच्याकडची पक्ष्यांची यादी काढा आणि कंस नसलेली नावं शोधा. पहिल्यांदा ज्या जीनसमध्ये ठेवले, आजही त्याच जीनसमध्ये आहेत, ते हे पक्षी.