सात साखरांचं कडं

(दृश्य: बीकर, हॉट प्लेट, काचेची कांडी फिरवणारा हात.)

"ताई, हे त पाकावानी झालं."

प्रयोगशाळेतल्या काकांचा हा शेरा फारसा चुकीचा नाही. बीकरमध्ये साखरच आहे, फक्त गोल बांधलेली.

(दृश्य: खिडकीबाहेर उन्हाने पांढरा पडलेला रस्ता, कूलरचा आवाज.)

नागपूर, मे महिना. पाण्याच्या शुद्धीकरणावर काम करणारी नीरी ही संशोधन संस्था या शहरात १९५८ पासून आहे. तिथून थोड्या अंतरावर, एका कॉलेजच्या खोलीत, पीएचडी करणारी एक मुलगी पाण्यातली घाण पकडायला हे कडं घेऊन बसली आहे. त्याचं नाव बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन. स्टार्चवर जिवाणूंमधलं एक एन्झाइम सोडलं की ते लांब साखळी तोडतं आणि तुकड्याची दोन टोकं एकमेकांना जोडून देतं. सहा ग्लुकोजचं कडं अल्फा, सातांचं बीटा, आठांचं गॅमा. व्हिलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९१ मध्येच त्याचे स्फटिक पाहिले होते.

हे कडं म्हणजे बूड नसलेली, एका बाजूला निमुळती वाटी. बाहेरून तिचं पाण्याशी जमतं, आतून नाही. पोकळी जेमतेम ०.६ नॅनोमीटर रुंद. प्लास्टिकमधून सुटणारं बिस्फेनॉल-ए, काही रंग, काही कीटकनाशकं पाण्यापासून पळ काढत तिथे जाऊन बसतात.

सगळं छान, पण वाटी स्वतःच विरघळते. १०० मिली पाण्यात सुमारे १.८५ ग्रॅम. म्हणजे घाण पकडेल आणि घाणीसकट वाहून जाईल. म्हणून वाट्या एकमेकींना बांधायच्या. खरं काम इथूनच सुरू होतं.

जुना मार्ग एपिक्लोरोहायड्रिनचा. बांधतं घट्ट, पण स्वतः विषारी, कर्करोगाचा संशय असलेलं. या खोलीत त्याऐवजी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड वापरतात. (संत्र्यांचं शहर म्हणून लगेच नातं जोडू नका. बाजारातलं सायट्रिक ॲसिड मुख्यतः साखरेच्या मळीसारख्या गोड द्रावणावर काळी बुरशी वाढवून काढतात.)

(दृश्य: ओव्हनचं दार, आत फुगलेला पिवळसर थर.)

पाक ट्रेमध्ये ओतून १४० अंशांच्या आसपास काही तास ठेवायचा. आम्लाचे हात वाट्यांच्या काठांना धरतात आणि प्रत्येक पकडीमागे पाण्याचा एक रेणू सुटतो. वर सोनपापडीसारखा फेस येतो.

पहिल्या वेळी तिने घाई केली. धुवायला घेतलं तर अर्धा माल सिंकमधून गेला. दुसऱ्या वेळी ट्रे रात्रभर राहिला. सकाळी खोलीभर करपलेल्या गुळाचा वास, आणि हाती आलेला खडा इतका घट्ट की पाणी आत शिरेना. सैल बांधलं तर विरघळतं, आवळलं तर वाट्यांपर्यंत काही पोचत नाही. ही मधली जागा कुठल्याही वहीत आयती मिळत नाही. आपला ओव्हन आपणच ओळखावा लागतो.

तिसरा घाणा जमला. खलात कुटला, चाळला, धुवणाचा आंबटपणा जाईपर्यंत कोमट पाण्याने धुतला. आम्लाचे जे हात रिकामे राहतात, त्यांच्यावर ऋण भार असतो. ते शिशासारखे धातू आणि मिथिलीन ब्लूसारखे रंग ओढतात. हा वरचा नफा.

(दृश्य: गर्द गुलाबी द्रावणाची परीक्षानळी, जवळून.)

वाट्या अजून उघड्या आहेत की बुजल्या? फिनॉल्फ्थॅलिन सांगतं, म्हणजे अल्कलीत गुलाबी होणारं रसायन. त्याचा रेणू पोकळीत शिरला की गुलाबी रंग जातो. चिमूटभर पूड टाकली, हलवलं... रंग फिका पडतोय. पण तिने लगेच पीएच मीटर बुडवला. आम्लानेही हा रंग जातो, आणि आपल्या पुडीत आम्ल आहेच. पीएच हलू न देणारं द्रावण, म्हणजे बफर, टाकलेलं आहे, काटा १०.५ वर स्थिर. म्हणजे रंग वाटीनेच गिळला.

इथेनॉलने धुतली की वाटी पुन्हा रिकामी होते. पूड वाळवून त्याच बाटलीत, तारीख लिहून.

(दृश्य: नाग नदीच्या पाण्याची बाटली, फनेल.)

आतापर्यंतचं सगळं डिस्टिल्ड वॉटरमध्ये झालं. आज नाग नदीचं पाणी. आधी गाळून घ्यायचंय. पहिला फिल्टर पेपर पाच मिनिटांत चोंदला. काका दुसऱ्याची घडी घालतायत.