या बिलात नेमकं काय मिळणार?

[दृश्य: दवाखान्यातलं स्टीलचं टेबल. टॉवेलवर बोका. काउंटरवर छापून ठेवलेलं खर्चाचं एस्टिमेट.]

सकाळपासून हा बोका चार-पाच वेळा ट्रेमध्ये जाऊन बसला. जोर लावतो, ओरडतो, पण लघवीचा थेंब नाही. घरच्यांना वाटतं, पोट साफ होत नसेल. इथेच अर्धा दिवस वाया जातो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. त्यात बारीक खडे किंवा चिकट गोळी अडकली की मूत्राशय फुगून टणक होतं. एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढतं, की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि दोन-तीन दिवसांत जीव जातो.

दवाखान्यात भूल देऊन नळी घालतात, मूत्राशय धुतात, सलाइन लावतात, काही दिवस ठेवून घेतात. बिल मोठं येतं. आणि समोरच्या माणसाच्या मनात प्रश्न येतो: एवढा खर्च करावा का?

आमच्या मते हा प्रश्न थोडा उशिरा विचारायचा. आधी विचारायचं, या पैशांत मिळणार काय? आजार मुळातून जाणार, की काही महिने हाती येणार, की आजाराचं फक्त नाव कळणार? बिलाचा आकडा तोच असला, तरी या तिन्हींची किंमत एक नाही.

[दृश्य: बोक्याच्या पायाला लावलेली सुई, सलाइनचे थेंब.]

बोक्याच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. वेळेत आणला तर तो घरी जातो आणि पुढे कित्येक वर्षं जगू शकतो. मात्र हे दुखणं उलटतं. म्हणून नळी काढल्यावर ओलं खाणं, भरपूर पाणी, वजन आटोक्यात, आणि पहिले काही आठवडे तो ट्रेमध्ये खरंच लघवी करतो का, यावर रोज नजर. हे जमणार नसेल तर आजचं बिल पुन्हा भरायची वेळ येते.

नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो, तेही असंच. माज संपल्यावर साधारण २ ते ८ आठवड्यांनी ती खूप पाणी प्यायला लागते, खाणं सोडते, उलट्या करते. पू बाहेर येत असेल तर निदान लक्षात तरी येतं. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही, आणि तोच प्रकार जास्त घातक. गर्भाशय आणि अंडाशय काढले की आजाराचं मूळच जातं. अशा बिलासाठी हात आखडू नये. हप्ते मागावे लागले, उसने घ्यावे लागले तरी.

[दृश्य: पिंजऱ्यात निपचित पडलेलं पिल्लू.]

पण पैसे खरोखरच नसतील तर? पार्व्हो, म्हणजे विषाणूमुळे होणारा उलट्या-जुलाबांचा आजार, झालेल्या पिल्लाचं उदाहरण घेऊ. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं दगावतात. उत्तम मार्ग म्हणजे भरती करून शिरेतून सलाइन, उलटीचं औषध, अँटिबायोटिक. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात ४० कुत्र्यांवर एक तुलना झाली. सगळ्यांना सुरुवातीला शिरेतून सलाइन देऊन सावरलं. मग निम्म्यांना भरती ठेवलं. उरलेल्यांना घरी जमेल अशा पद्धतीचे उपचार दिले: कातडीखाली सलाइन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, दीर्घकाळ टिकणारं अँटिबायोटिक. भरती केलेल्यांतली ९० टक्के वाचली, दुसऱ्या गटातली ८० टक्के. म्हणजे ‘सगळं करा’ आणि ‘काहीच नको’ यांच्या मधे एक रस्ता असतो. डॉक्टर तो दर वेळी आपणहून सांगतीलच असं नाही. “एवढ्या पैशांत सगळ्यात चांगलं काय होईल?” असं थेट विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

गुडघ्याचा लिगामेंट तुटला तरी असे पर्याय असतात. साधारण १५ किलोच्या आतला कुत्रा आराम, वेदनाशामक आणि वजन कमी करून पुष्कळदा चालता होतो. मोठ्या कुत्र्याला ऑपरेशनच बरं. फक्त पैसे भरताना एक माहीत असावं: अशा कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या दुसऱ्या गुडघ्याचा लिगामेंटही पुढे तुटतो.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची काच. पेशी.]

आता अवघड भाग. कॅन्सर.

कुत्र्यांच्या लिम्फोमावर, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरवर, चार औषधांची केमोथेरपी साधारण चार ते सहा महिने चालते. बहुतेक कुत्र्यांच्या गाठी विरतात, पण आजार सहसा परततो. बी-पेशींच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) प्रकारात जगण्याचा मध्यक काळ वर्षभराच्या आसपास आहे, म्हणजे निम्मे कुत्रे त्याहून जास्त जगतात. नुसत्या स्टेरॉइडवर एक-दोन महिने. कुत्र्याला देतात ते डोस माणसापेक्षा सौम्य असतात, कारण इथे बरं करण्यापेक्षा चांगले दिवस वाढवणं हा हेतू असतो. बरेच कुत्रे या काळात खातात, खेळतात, फिरायला जातात.

यात एक चूक फार महागात पडते. “आधी स्टेरॉइड सुरू करू, केमोचं नंतर ठरवू,” असं म्हटलं जातं. स्टेरॉइडने गाठी उतरतात, घरच्यांना हायसं वाटतं. पण त्यातून पेशी औषधांना दाद न देणाऱ्या होऊ शकतात, आणि नंतर तेवढेच पैसे घालून केमोचा उपयोग कमी होतो. त्यामुळे निर्णय पहिल्या गोळीच्या आधी घ्यायचा.

कधी तो मध्यरात्रीच घ्यावा लागतो. म्हातारा कुत्रा अचानक कोसळतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, सोनोग्राफीत पोटात रक्त आणि प्लीहेवर गाठ. गाठ साधी की कॅन्सरची, हे ती काढून तपासल्याशिवाय खात्रीने कळत नाही. मार न लागता असा रक्तस्राव झाला असेल तर बहुतेक वेळा ती कॅन्सरची निघते. हिमॅन्जिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा कॅन्सर, असेल तर नुसत्या ऑपरेशनने मिळतात एक ते तीन महिने. म्हणून टेबलावर घेण्याआधी छातीचा एक्स-रे मागा. फुप्फुसांत गाठी दिसल्या तर मोठं बिल आणि मोठी जखम, दोन्ही टळतात.

तपासण्यांचंही गणित असंच आहे. प्रत्येक तपासणीआधी विचारा: “उत्तर काहीही आलं तरी उपचार तेच राहणार का?” हो असेल, तर ते पैसे औषधासाठी ठेवा.

मात्र जुन्या ऐकिवावर हातही झटकू नका. मांजरांचा एफआयपी हा कोरोना विषाणूमुळे होणारा आजार काही वर्षांपूर्वीपर्यंत जवळजवळ मृत्यूच होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पशुवैद्यक संशोधक नील्स पेडरसन यांच्या गटाने ३१ मांजरांना जीएस-४४१५२४ हे औषध दिलं. २६ मांजरांनी १२ आठवड्यांचा उपचार पूर्ण केला आणि त्यातली बहुतेक पुढेही जगली. आज औषध उपलब्ध आहे का, हे विचारल्याशिवाय मांजराला निरोप देणं चूक ठरेल.

[दृश्य: एस्टिमेटच्या कागदावर पेनाने केलेल्या खुणा.]

एस्टिमेट लेखी घ्या. त्यात कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे हवेत, आणि तुमची तयारी वरच्या आकड्याची हवी. भूल, तपासण्या, ऑपरेशन, रोजचं भरती शुल्क, औषधं वेगवेगळी लिहून मागा. पुन्हा तपासणी, टाके काढणं आणि घरची औषधं बहुधा त्यात नसतात. एक मर्यादा ठरवून सांगा: इथवर आलात की पुढे जाण्याआधी फोन करा. कारण अर्ध्यावर पैसे संपून उपचार थांबले, तर जनावराने त्रासही भोगला आणि हाती काही लागलं नाही, असं होतं. विम्याची आठवण मात्र या दिवशी काढून उपयोग नाही. आधीपासून असलेला आजार विमा सहसा धरत नाही. तो पिल्लू निरोगी असतानाच काढायचा.

लांबणाऱ्या आजारात कॅलेंडर जवळ ठेवा, आणि दिवस चांगला गेला की वाईट, ते त्यावर लिहा. जनावराचं जगणं कितपत सुखाचं आहे हे मोजायच्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांच्या मापात सात गोष्टी आहेत: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला ० ते १० गुण, बेरीज ३५ च्या वर असेल तर पुढे जायला हरकत नाही. वेदनेच्या गुणांत श्वासाचा त्रासही मोजला जातो. आमचं मत, श्वासाला धाप असेल तर बेरीज कितीही येवो, ती ग्राह्य धरू नये.

[दृश्य: शांत खोली. जमिनीवर अंथरलेली चादर.]

थांबायचं, म्हणजे जनावराला वेदनेविना मरण द्यायचं ठरलं, तर तोही उपचारच आहे, आणि तो नीट व्हायला हवा. आधी गुंगीचं इंजेक्शन मागा. ते चढायला काही मिनिटं लागतात. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात, आणि बहुधा एक-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. त्यानंतर एखादा खोल श्वास किंवा स्नायूंची थरथर दिसू शकते, लघवीही होते. जनावराला तेव्हा काहीच जाणवत नसतं. त्या दिवसाचं बिल आत जाण्याआधी चुकतं करा, म्हणजे बाहेर येताना काउंटरवर उभं राहावं लागणार नाही.