जुना बंब विकणे आहे

(दृश्य: नगरपालिकेच्या शेडमागे उभा असलेला आगीचा लाल बंब. दारावरचं गावाचं नाव खरवडून काढलेलं.)

या बंबानं अमेरिकेतल्या एका शहराची वीसेक वर्षं सेवा केली आहे. आता त्याचा फोटो लिलावाच्या संकेतस्थळावर आलाय. फोटोखाली इंजिन किती तास चाललं, पंपाची क्षमता किती, टाकी केवढी, हे लिहिलेलं असतं आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं: जसं आहे, जिथं आहे, त्या स्थितीत. बोली कोणीही लावू शकतो. भंगारवाला लावतो, जुन्या बंबांचा शौकीन लावतो, शेतावर पाणी न्यायला टँकर हवा असलेला शेतकरीही लावतो. या सगळ्यांच्या रांगेत एखादं खेडंही असतं, ज्याच्याकडे आग विझवायला दुसरं काहीच नाही.

अमेरिकेतला अग्निशामक म्हटलं की पगारी, गणवेशातला जवान आपल्या डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात तिथले बहुतेक अग्निशामक स्वयंसेवक आहेत. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन, म्हणजे एनएफपीए, या अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार देशात सुमारे १० लाख ४१ हजार अग्निशामक होते आणि त्यांतले जवळजवळ ६ लाख ७७ हजार स्वयंसेवक. दिवसा कुणी शाळेत शिकवतं, कुणी गॅरेज चालवतं. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून बंबाकडे धाव. बेंजामिन फ्रँकलिननं १७३६ मध्ये फिलाडेल्फियात असं स्वयंसेवकांचं दल काढलं, तेव्हापासूनची ही रीत आहे. या दलांचा पैसा गावजेवणं, सोडती आणि थोड्याफार करातून उभा राहतो. आणि नवा बंब आज दहा लाख डॉलरच्या घरात गेलाय. पैसे जमले तरी ऑर्डर दिल्यापासून गाडी दारात यायला काही वर्षं लागतात.

मोठ्या शहरांचं गणित वेगळं. एनएफपीएची शिफारस अशी की पंधरा वर्षांपुढचा बंब राखीव फळीत टाकावा आणि पंचवीस वर्षांपुढचा सेवेतून काढावा. त्यामुळे चालत्या अवस्थेतल्या गाड्या सतत बाहेर पडत असतात. पूर्वी त्या ओळखीपाळखीतून किंवा स्थानिक पेपरातल्या जाहिरातीवरून विकल्या जायच्या. १९९९ मध्ये गव्हडील्स हे संकेतस्थळ सुरू झालं. त्यानंतर सरकारी माल ऑनलाइन विकण्याची पद्धत रुळत गेली. आता ओरेगॉनमधला बंब अलाबामातलं खेडं घेऊ शकतं.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर बोलीचे आकडे बदलताना.)

नवख्या माणसाला इथले नियम आधी समजून घ्यावे लागतात. बोलीच्या रकमेवर संकेतस्थळाचं शुल्क वेगळं लागतं. शेवटच्या काही मिनिटांत कुणी बोली वाढवली तर अनेक ठिकाणी वेळही आपोआप वाढते, त्यामुळे अखेरच्या सेकंदाला झडप घालून काही साधत नाही. पैसे ठरल्या मुदतीत भरायचे, गाडी ठरल्या मुदतीत हलवायची. हजार मैलांवरून जुनी अवजड गाडी आणायचा खर्च बोलीच्या रकमेत कुठेच दिसत नाही. आणि शिड्या, होजपाईप, नोझल हे बहुधा विकणाऱ्यानं आधीच उतरवून ठेवलेलं असतं. फोटोत बंब भरलेला दिसतो, हातात येतो तो रिकामा.

आता खुद्द बंबाकडे वळू. गाडी किती मैल चालली हा आकडा इथे फसवा असतो. बंब किंवा रुग्णवाहिका घटनास्थळी तासन् तास उभी असते, पण तिचं इंजिन चालूच असतं. फोर्ड कंपनीनं आपल्या पोलीस गाड्यांसाठी दिलेला हिशेब असा: इंजिन एक तास जागच्या जागी फिरलं की ते साधारण ३३ मैल चालल्यासारखं धरा. म्हणून जाणता मेकॅनिक आधी तासांचं मीटर बघतो. मग गाडीखाली शिरतो. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते चासीला आतून खातं. वरून रंग झळाळत असतो आणि खाली लोखंडाचे पापुद्रे सुटत असतात. टाकी पोलादी असेल तर तीही गंजते. आणि पंपात पाणी राहून गाडी थंडीत बाहेर उभी राहिली असेल, तर बर्फ फुगून पंपाचं ओतीव लोखंड तडकलेलं असू शकतं. हे फोटोत दिसत नाही.

पंपाची परीक्षा मात्र घेता येते, आणि ती कशी घ्यायची हे लिहून ठेवलेलं आहे. मिनिटाला १,५०० गॅलन म्हणजे सुमारे ५,७०० लिटर पाणी फेकणारा पंप असेल, तर त्यानं तेवढं पाणी १५० पीएसआय (म्हणजे चौरस इंचाला १५० पौंड) दाबानं सलग वीस मिनिटं फेकलं पाहिजे. मग २०० पीएसआयवर सत्तर टक्के, २५० वर निम्मं. ही चाचणी दरवर्षी व्हावी असा दंडक आहे आणि तिचे कागद विकणाऱ्या दलाकडे असायला हवेत. उंच यांत्रिक शिडी असेल तर तिच्या पोलादाला आतून तडे गेलेत का, हे तपासणारी चाचणी दर पाच वर्षांनी होते. कागद मागितल्यावर मिळत नसतील, तर तो बंब घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. किंमत कितीही मोहात पाडो. बोली लावण्याआधी एक फोन करून त्या दलाच्या मेकॅनिकशी बोलावं. त्यानं ती गाडी वर्षानुवर्षं हाताळलेली असते आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या अग्निशामकाशी तो सहसा मोकळेपणानं बोलतो.

एवढी काळजी घेतली तर लिलावातला बंब खेड्याला खरोखर तारतो. घरांच्या विम्याचा हप्ता ठरवताना अमेरिकेतल्या अनेक विमा कंपन्या गावाच्या अग्निशमन व्यवस्थेचा दर्जा बघतात. तो दर्जा एक ते दहा असा मोजतात, आणि त्यात बंब व पंपाच्या चाचण्याही मोजल्या जातात. म्हणजे गावानं घेतलेला जुना पण धडधाकट बंब प्रत्येक घराच्या खर्चाशी जोडलेला असतो.

(दृश्य: खुंटीवर टांगलेले कोट, शेजारी मुखवटे आणि सिलिंडर.)

पण याच संकेतस्थळांवर, याच यादीत, फायर सूटही विकायला असतात. आगीत शिरताना घालायचे कोट, विजारी, हेल्मेट, हातमोजे. आणि बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर बांधायचा हवेचा संच. इथे हात आखडायलाच हवा.

कोटाला तीन थर असतात. बाहेरचं कापड ज्वाळा झेलतं. मधला पातळ पडदा गरम पाणी आणि वाफ अडवतो. आतला थर उष्णता शरीरापर्यंत पोचू देत नाही. मधला पडदा वयानं आणि वापरानं विरतो, ऊन बाहेरच्या कापडाची ताकद खातं. बाहेरून कोट ठणठणीत दिसतो. एनएफपीएच्या मानकात म्हणूनच सरळ मर्यादा घातली आहे: कारखान्यात तयार झाल्यापासून दहा वर्षं, मग कोट एकदाही घातलेला नसला तरीही. आतल्या बाजूला शिवलेल्या लेबलवर ती तारीख असते. लिलावातले कोट बहुतेकदा ही तारीख उलटल्यामुळेच तिथे आलेले असतात. शिवाय त्यांत मागच्या आगींची काजळी मुरलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामात घातक पदार्थांशी येणारा संपर्क हा माणसात कर्करोग घडवणारा म्हणून पहिल्या गटात टाकला. दुसऱ्याच्या आगींची काजळी आपल्या पोरांच्या अंगावर का चढवायची?

बीए सेटचं त्याहून कडक. कार्बन तंतू गुंडाळलेल्या हलक्या सिलिंडरचं आयुष्य साधारण पंधरा वर्षं, आणि मध्ये दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी. आयुष्य संपलं की तो भरायचा नाही. संपूर्ण संचाला सरकारी मान्यता मिळते ती एकत्रित. एका कंपनीचा सिलिंडर आणि दुसरीचा मुखवटा जोडला की ती मान्यता गेली. मुखवट्यांचंही तसंच. तीव्र आगीत जुन्या मुखवट्यांच्या काचा मऊ पडून वितळल्याचं तपासात दिसल्यावर एनएफपीएच्या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी उष्णतेची अधिक कठीण परीक्षा आली. त्याआधीचे मुखवटे स्वस्तात मिळतात. ते स्वस्त का मिळतात, हे घेणाऱ्यानं स्वतःला विचारावं.

बंबाचा पंप तलावाकाठी उभा करून तपासता येतो, आणि नापास झाला तर नुकसान पैशाचं होतं. कोटाचा मधला पडदा नापास झाला तर ते जळत्या खोलीत कळतं. लिलावात काय घ्यावं आणि काय घेऊ नये, ही रेघ मी इथे ओढतो.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. होजपाईप जुलै १९८७ पूर्वीचा असेल तर तो सेवेत ठेवायचाच नाही, नंतरचा असेल तर दरवर्षी दाबाची चाचणी. वायरलेस सेट घेताना वर्ष बघावं. १ जानेवारी २०१३ पासून अमेरिकेत अग्निशमन दलं वापरतात त्या व्हीएचएफ या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात अरुंद चॅनेल सक्तीचे झाले, त्यामुळे फक्त रुंद चॅनेलवर चालणारे जुने सेट तिथे वापरता येत नाहीत. अपघातग्रस्त गाडी कापायचे हायड्रॉलिक कटर चालू स्थितीत मिळतात. पण आजच्या मोटारींच्या खांबांतलं पोलाद इतकं कणखर आहे की जुन्या कटरचं पातं त्यापुढे हरतं. हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र घ्यायचं तर आधी त्या मॉडेलचे पॅड आणि बॅटरी अजून तयार होतात का ते विचारावं. आणि आग विझवायच्या जुन्या फोमचे डबे कुणी फुकट दिले तरी घेऊ नयेत. त्यातल्या पीएफओएस आणि पीएफओए या रसायनांना अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०२४ मध्ये घातक पदार्थ ठरवलं. डबे ज्याच्या शेडमध्ये, विल्हेवाटीची डोकेदुखी त्याची.

मग गरीब दलानं कोट आणायचे कुठून? त्यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचं अनुदान आहे, २००१ पासून. वीस हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या गावाला स्वतःचा वाटा फक्त पाच टक्के भरावा लागतो. अर्ज किचकट असतो, स्पर्धा मोठी असते, सगळ्यांना मिळतं असं नाही. तरीही खेड्याच्या दलानं आपला वेळ लिलावातले जुने कोट शोधण्यापेक्षा या अर्जावर घालवावा. बंबासाठीही लिलावाला पर्याय आहे. वन खात्यामार्फत लष्कराचे जादा ट्रक राज्यांना आणि राज्यांकडून खेड्यांना मिळतात. त्यांवर टाकी बसवून वणव्यासाठी टँकर केले जातात.

(दृश्य: पांढरी मोटार. दारावर काढून टाकलेल्या पट्ट्यांच्या पुसट खुणा.)

विकणाऱ्याचीही जबाबदारी असते, आणि ती किती मोठी हे कॅनडानं फार महागात शिकलं. तिथल्या केंद्र सरकारचं जीसीसरप्लस नावाचं लिलावाचं संकेतस्थळ आहे. नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या एका माणसानं तिथून पोलिसांच्या सेवेतून काढलेल्या मोटारी विकत घेतल्या. त्यांतल्या एकीवर पट्टे आणि चिन्हं चिकटवून, वर दिवा लावून ती हुबेहूब पोलीस गाडी बनवली. १८ आणि १९ एप्रिल २०२० ला त्यानं २२ जणांचे जीव घेतले. त्यांत एक पोलीस शिपाईही होती. २०२१ च्या सुरुवातीला कॅनडा सरकारनं अशा मोटारींची विक्री थांबवली. गाडीवरचे पट्टे काढणं, दिवे आणि वायरलेस उतरवणं, मुदत संपलेल्या कोटांचे तुकडे करणं ही विकणाऱ्याचीच कामं आहेत.

आपल्याकडे चित्र निराळं आहे. १ एप्रिल २०२३ पासून भारतात पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी संपते. लष्कर आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीची खास वाहनं तेवढी वगळली आहेत. ई-लिलाव आपल्याकडेही होतात, एमएसटीसी ही केंद्र सरकारची कंपनी ते चालवते. पण पंधरा वर्षांच्या बंबाचा शेवट नोंदणीकृत भंगार केंद्रात होतो. म्हणजे महाराष्ट्रातली एखादी ग्रामपंचायत शहराचा असा जुना बंब घेऊन वापरू शकत नाही. जुन्या इंजिनाचा धूर आणि रस्त्यावरचा धोका बघता या नियमामागचं कारण मला पटतं. मात्र नियम वाहनाचा आहे. सुटा पोर्टेबल पंप, हाताच्या शिड्या, नोझल, जोडण्या ही वाहनं नाहीत. गाडी भंगारात देण्याआधी हे सामान उतरवावं, पंपाची चाचणी घ्यावी, आणि पास झालेलं सामान चाचणीच्या कागदासकट तालुक्यातल्या अशा गावाला द्यावं, जिथे बंब पोचायला तासभर लागतो. बीए सेट आणि फायर सूट मात्र त्या सामानात घालू नयेत.