निफाडचा पारा आणि परसातलं आयरिस

(पहाट. बंगल्याचं आवार. भिंतीवर तापमापक.)

नाशिकरोड, जानेवारी, सकाळचे साडेसहा. काकू शाल गुंडाळून अंगणात आल्यात. हातात चहाचा कप आहे, झारी नाही. झारीचं आत्ताच सांगून ठेवतो, कारण गोष्ट बागेची असली तरी ती तुम्हाला फारशी दिसणार नाही.

तापमापक जुना आहे, काच पिवळी पडलीय. पारा आठाच्या जरा वर. काकू तो वाचतात आणि दारातूनच सूनबाईंना ओरडून सांगतात, "आठ!" नातवाचे मार्क सांगावेत तशा आवाजात.

(रात्र. द्राक्षबाग. ओळींमधून सरकणारा धूर.)

ही आदली रात्र. निफाड तालुका, काकूंचं माहेर. थंडीच्या दिवसांत नाशिकच्या पेपरांत निफाडचा पारा छापून येतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला. तो आकडा खाली सरकला की इथल्या बागायतदारांची झोप उडते. मणी भरायच्या दिवसांत थंडी कडक पडली तर फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात. म्हणून ओळींमध्ये शेकोट्या पेटवायच्या, धूर धरायचा, पहाटे ठिबक सोडायचं. बोअरचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा ऊबदार असतं. काकूंचे धाकटे भाऊ रात्रभर हेच करतायत. डोळे धुरानं लाल झालेत. कॅमेऱ्याकडे न बघता ते म्हणतात, "आक्काला फोन लावा. ती नाचत असेल."

आक्का नाचत नव्हत्या, पण फार लांबही नव्हत्या. भावाच्या बागेवर उठलेली थंडी बहिणीच्या वाफ्याला हवी असते.

(वाफा. तलवारीसारखी पानं, पंख्यासारखी पसरलेली.)

हे बिअर्डेड आयरिस. दाढीवालं. याला मराठीत रुळलेलं नाव नाही. पानं बघून दारावरून जाणाऱ्या बायका विचारतात, "वेखंड लावलंय का हो?" चूक अगदीच नाही; तलवारी पान, जमिनीलगत आडवा वाढणारा कंद, दोन्हींत सारखंच. फुलाची दांडी आली की मात्र कोणी वेखंड म्हणत नाही.

थंड मुलखातलं हे झाड. कंदाला पुरेशी थंडी लागली तर आत फुलाची तयारी होते, नाहीतर वर्षभर नुसती पानं. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरचं नाशिक या बाबतीत काठावर पास होणारं गाव आहे. एखाद्या साली डिसेंबर-जानेवारी उबदार गेला, की नापास.

(जुना फोटो : गणवेशातला माणूस, मागे चिनार.)

कंद इथं आले कसे, ते जरा सविस्तर सांगायला हवं. काकूंचे यजमान नोटप्रेसमध्ये होते. त्यांचे एक स्नेही देवळाली कॅम्पातले सुभेदार. निवृत्तीच्या आधीची शेवटची बदली श्रीनगरला. येताना ट्रंकेत अक्रोड, केशराची डबी आणि उर्दू वर्तमानपत्रात गुंडाळलेले सात वाळके तुकडे. काकूंना वाटलं आलं आहे. त्यातला एक किसायला घेतला होता, असं सूनबाई म्हणतात. काकू हे नाकारतात.

काश्मिरात कबरींवर आयरिस लावायची जुनी रीत आहे. पांढऱ्या आयरिसची एक जात, आयरिस अल्बिकान्स, मूळची येमेन आणि अरबस्तानातली. मुसलमान लोक जिथंजिथं गेले तिथंतिथं ती कबरस्तानांत पोचली, पार स्पेनपर्यंत. गंमत अशी की ही जात बी धरत नाही. म्हणजे एवढा प्रवास तिनं वाऱ्यावर किंवा पाखरांच्या पोटातून केलेला नाही. दर टप्प्यावर कोणीतरी कंद उपटून, गुंडाळून, सोबत नेलाय. सुभेदारांनी ट्रंकेत घातला तसा.

(काळ्या मातीचं ढेकूळ. काकूंची बोटं ते फोडतायत.)

सातही तुकडे पहिल्या वर्षी हळदीसारखे लावले. काळ्या मातीत, दोन बोटं खोल, वरून शेणखत, रोज पाणी. द्राक्षवाल्यांच्या घरातली मुलगी, लाड करायची सवय. जूनपर्यंत पानं तरारली. ऑगस्टमध्ये एक पान हलकेच ओढलं तर ते तसंच हातात आलं, आणि खालून असा वास सुटला की शेजारच्यांनी ड्रेनेज तपासलं. जिवाणूंमुळे होणारी मऊ कूज. कंदाचा आतून लगदा होतो, वरचं साल तेवढं शाबूत राहतं. पाच गेले. दोन वाचले, ते विटांच्या पायवाटेच्या कडेला होते म्हणून. तिथं माती कमी, विटांचा चुरा जास्त, आणि काकूंचं पाणी तिथवर पोचत नव्हतं.

पायवाटेकडे बघून काकूंनी वाफा बदलला. हा आत्ताचा वाफा जमिनीपासून फूटभर उंच आहे. तळाला विटांचे तुकडे, त्यावर मुरूम, वर माती आणि जाडी रेती निम्मीनिम्मी. खत म्हणाल तर मूठभर जुनं शेणखत, तेही कंदापासून लांब. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि कूज पहिली तिथंच शिरते. ऊन दिवसातून किमान सहा तास. फक्त एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वरून हिरवी शेडनेट.

हे सगळं करायला उघडी माती लागते, हे कॅमेऱ्यामागून आम्हीच बोलून जातो. या गल्लीत आता ती शोधावी लागते. आवारांमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. याच गावाला मोगलांच्या काळात गुलशनाबाद म्हणत. असो.

(मोबाईलवरचं चित्रण. पाऊस. वाफ्यावर तिरकं प्लास्टिक.)

हा जूनचा व्हिडिओ सूनबाईंनी काढलाय, म्हणून हलतोय. वाफ्यावर ताणलेलं प्लास्टिक ओळखलंत का? द्राक्षबागेवरचं आच्छादन. अवकाळीला कंटाळून भावानं काही ओळींवर घातलं होतं, त्यातला फाटका तुकडा आक्कानं मागून आणला. चारी बाजू मोकळ्या, वारा खेळता, फक्त डोक्यावर धार नको. पावसाळ्यातली सगळी काळजी एवढीच.

(ऑक्टोबर. खुरपं, सुरी, वर्तमानपत्रावर मांडलेले कंद.)

आम्ही स्वतः पहिल्यांदा इथं आलो ते ऑक्टोबरात. तिकडे भावाच्या बागेत गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, इकडे बहिणीची ही छाटणी. दर तीन वर्षांनी जुनं बेट उपटून वेगळं करावं लागतं, नाहीतर कंद एकमेकांच्या अंगावर चढतात आणि फुलं कमी होत जातात. थंड देशांतली पुस्तकं हे काम बहर संपल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये करायला सांगतात. नाशिकमध्ये तो सल्ला पाळला तर ताज्या कापलेल्या कंदावर थेट पाऊस. काकूंनी एकदा पाळला होता. आता त्या पाऊस परतल्यावरच सुरी काढतात.

जवळून बघा. मधला हा जाडा, सुरकुतलेला तुकडा गेल्या बहरात फुललेला. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या दोन्ही बगलांना फुटलेली ही पिल्लं पुढं फुलणार. काकू मधला तुकडा काढून टाकतात, पिल्लं सोडवून घेतात. प्रत्येकीला बोटभर कंद, खाली मुळांचा झुबका, वर पानांचा एक पंखा. पंखा वीतभर ठेवून तिरका कापतात. कंद अंगठ्यानं दाबून बघायचा. बटाट्यासारखा टणक लागला तर ठेवायचा, दबला तर तेवढा भाग पांढरं लागेपर्यंत खरवडायचा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुना. ही पुन्हा माहेरची सवय, द्राक्षाच्या खोडाला लावतात तीच. मग दोन-तीन दिवस सावलीत, कांद्याच्या लाल जाळीच्या पिशवीत टांगून सुकवायचं.

आणि लावताना? मातीची लहानशी उंच पाळ, तिच्यावर कंद बसवायचा, मुळं दोन्ही उतारांवर पसरायची, माती मुळांवर. कंदाची पाठ उघडी. "डबक्यात म्हैस कशी बसते? पाठ वर. तसं," काकू म्हणतात. आम्ही शंभर वेळा समजावलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. लावल्यावर एकदा पाणी, नंतर माती बोटभर खोल कोरडी झाल्याशिवाय नाही. वर्षातून झारी दिसते ती अशी.

(फेब्रुवारी. कळी. वेगानं उलगडणारं फूल.)

तेवीस फेब्रुवारी, सकाळ. ही कळी उमलताना टिपायला आमचा कॅमेरा तिच्यासमोर रात्रभर होता. कळी घट्ट पिळलेल्या धोतरासारखी. पीळ सुटतो. तीन पाकळ्या वर उठून एकमेकींकडे झुकतात, तीन बाहेर वळून खाली लोंबतात. खालच्या प्रत्येक पाकळीच्या मधोमध केसाळ, पिवळी पट्टी. हीच दाढी.

(अगदी जवळून. भुंगा.)

दाढी शोभेसाठी नाही. लाकूड पोखरणारा हा काळा भुंगा लोंबत्या पाकळीवर उतरतो, दाढीच्या रेघेनं आत चालू लागतो. वर झाकणासारखी एक कमान आहे. आत शिरताना त्याची पाठ आधी घासते ती कमानीच्या ओठाला. दुसऱ्या फुलावरून आणलेले पराग तिथं पुसले जातात. त्याच्या पुढं परागकोश, तिथं नवे पराग पाठीला लागतात. मागं सरकत बाहेर येताना त्या ओठाची कोरडी बाजू पाठीला लागते, म्हणून फुलाचे पराग त्याच फुलाला लागत नाहीत. एका फुलाला अशी तीन दारं. भुंगा तिन्हींतून जाऊन आला. आम्ही सात वेळा हे दृश्य पुन्हा लावून पाहिलं, तेव्हा कुठं कळलं.

या फेब्रुवारीत दोनच प्रकार फुलले. श्रीनगरहून आलेलं पांढरं, आणि एक जुनं जांभळं, जे काकूंना कुन्नूरला मिळालं. जांभळ्याला वास द्राक्षाच्या सरबताचा. भावाला हुंगायला दिलं तर म्हणाला, "आमच्या थॉमसन द्राक्षाला तर वासच नाही." वाफ्याच्या उरलेल्या भागात गुलाबी, तपकिरी, दुरंगी जाती आहेत, सगळ्या नुसत्या पानावर. मागवताना फोटो भुलवतो. ठेंगण्या जातींना तर उंचांपेक्षाही जास्त थंडी लागते, तरी कुंडीत छान दिसतील म्हणून लोक त्याच आधी घेतात. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेलं 'आयरिस' वर्षभरानं फुललं, तेव्हा ते रस्त्याच्या दुभाजकात लावतात ते आफ्रिकी झाड निघालं. काकूंनी तेही ठेवलंय. कोपऱ्यात.

एक फूल दोन, फार तर तीन दिवस. पण एका दांडीवर कळ्या चार-पाच असतात, एक मिटलं की दुसरं. मिटलेलं फूल बोटांत धरलं की शाईसारखं ओलं जांभळं निघतं. काकू ते रोज खुडतात. बोटं महिनाभर तशीच.

मेलेल्या कंदालाही किंमत असते, तेवढं जाता जाता. आयरिसच्या काही जातींचे कंद सोलून काही वर्षं वाळवले की त्यांना व्हायोलेटच्या फुलांसारखा वास येतो. अत्तरवाले त्याला ओरिस म्हणतात. फ्लॉरेन्सची ती जुनी ओळख. इथं कोणी करत नाही.

(बंगला, बाहेरून. फाटकाला लावलेला फलक.)

बंगल्याचा करार झाला आहे. दिवाळीनंतर पाडकाम.

(जाळीच्या पिशव्यांची रांग. काकू चिठ्ठ्या बांधतायत.)

या वर्षी बेटं तीन वर्षांची झालेली नव्हती, तरी सगळी उपटली. लाल पिशव्या, प्रत्येकीला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी : पांढरं, जांभळं, आणि एकीवर नुसतंच 'आफ्रिका'. काही पिशव्या शेजारी गेल्या. एक सुभेदारांच्या मुलीकडे देवळालीला. दोन निफाडला.

(द्राक्षबागेचा बांध. ऑक्टोबरचं ऊन. छाटलेल्या वेली.)

बांधावर मुरूम आधीचाच होता. भावानं ओळीनं पाळी घातल्यात, आक्का बसून एकेक कंद ठेवतायत. पाठ वर. तापमापकही सोबत आणलाय, पंपघराच्या भिंतीला खिळा ठोकून टांगला.

"पाणी किती द्यायचं?" भाऊ विचारतो.

"देऊ नकोस."

त्याच्या हातात नळी आधीच आहे.