जिना आधी खालून बघा

(सकाळचा चौक. लाकडी जिन्यावर चढणारी पावलं. पायरी करकरते.)

नारायण पेठेतला हा वाडा. दिंडीदरवाजातून आत आलं की चौक, चौकाच्या एका अंगाला ओसरी आणि ओसरीतून माडीवर जाणारा हा सागवानी जिना. सतरा पायऱ्या. हे माझ्या आत्याचं सासर. लग्न होऊन आली तेव्हापासून ती याच जिन्यानं चढते, उतरते.

शनिवारवाडा १८२८ साली जळाला, विश्रामबागवाड्याला १८७९ साली आग लागली. मोठ्या वाड्यांच्या लाकडाचं काय झालं, हे कुठे ना कुठे लिहिलेलं सापडतं. साध्या घरातल्या जिन्याची नोंद कोण ठेवतो? म्हणून हे चित्रण.

दोन वर्षांपूर्वी कठडा हलायला लागला. आत्या पंचाहत्तरीची, चढताना सगळा भार कठड्यावर. "काढून टाका, लोखंडी बसवून घ्या," म्हणणारे पुष्कळ भेटले. आमच्या मनाला ते पटेना.

मग आमच्या हातून एक चूक झाली. काम घेणाऱ्या एकानं मोबाइलवर फोटो मागवले आणि न बघताच स्क्वेअर फुटाचा दर सांगितला. आम्ही हो म्हणालो. ऐन आषाढात काम. मशीन फिरलं, भुसा उडाला, वर चकचकीत पॉलिश चढलं. दमट हवेत मारलेला तो थर पांढुरका पडला आणि गणपती येईपर्यंत पाय पडतात तिथे सालपटं निघाली. कठडा हलायचा तो हलतच राहिला.

त्याहून जास्त लागून राहिली ती धूळ. कठड्यावर जुन्या ऑइलपेंटचे थर होते. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आपल्याकडे लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७पासून. त्याआधीच्या रंगात शिसं आहे असंच धरून चालावं. असा रंग कोरडा घासला की ते शिसं धुळीतून घरभर पसरतं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा अपाय होतो. आत्याचा पणतू तेव्हा त्याच ओसरीवर रांगत होता. जुना रंग ओला करून खरवडायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, तोंडाला मास्क लावायचा, मुलांना दुसऱ्या घरी पाठवायचं, हे आम्हाला नंतर कळलं. ज्याला काम द्याल त्याला हे पहिल्याच भेटीत विचारा.

(जिन्याखालची अंधारी जागा. टॉर्चचा उजेड.)

पुढच्या वेळी ओळखीतून एक मिस्त्री आले. साठीच्या घरातले. जिन्यावर पाय ठेवण्याआधीच म्हणाले, "आजी, खालची अडगळ तेवढी काढून द्या. खालून बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

तांब्याचा बंब निघाला, पाट निघाले, रद्दीचे गठ्ठे निघाले. मिस्त्री खाली आडवे झाले आणि पटाशीच्या मुठीनं एकेक पायरी वाजवत गेले. टक्, टक्, टक्. खालच्या दोन पायऱ्यांवर आवाज बदलला, भद्द झाला. तिथे त्यांनी टोच्या टेकवला, तो अर्धा इंच आत गेला. भिंतीच्या कडेनं मातीची बारीक नळी वर चढलेली होती. वाळवी.

आणि मग त्यांनी मला आत बोलावलं. "हे बघा."

(अगदी जवळून : पायरीची खालची बाजू.)

प्रत्येक पायरीच्या पोटाला पटाशीनं पाडलेल्या रेघा. एकीला तीन, पुढचीला चार, तिच्या पुढचीला पाच. बाजूच्या तिरक्या फळीत त्या त्या खाचेशी तेवढ्याच रेघा. जुना सुतार प्रत्येक पायरी तिच्या खाचेच्या मापानं तासायचा, जोडताना अदलाबदल होऊ नये म्हणून ही खूण. पण रेघा सुरू होतात त्या तीनपासून. वाळवी लागलेल्या पहिल्या दोन पायऱ्या कोऱ्या.

आत्याला सासूबाईंचं बोलणं आठवलं. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचंही फुटलं, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. पाणी ओसरल्यावर चौकात गुडघाभर गाळ होता आणि जिन्याच्या खालच्या पायऱ्या उखडल्या होत्या. त्या वेळी अर्धी पेठ उघड्यावर आलेली. मिळेल ते लाकूड लावून जिना चालता केला. ते होतं जंगली लाकूड, म्हणजे साग सोडून दुसरं कुठलंतरी हलकं लाकूड. सागाच्या गाभ्यात तेल आणि वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात, म्हणून ती गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही. या दोन फळ्या मात्र तिनं आतून पोकळ केल्या. वरच्या पंधरा पायऱ्या आजही खणखणीत आहेत. आणि हा जिना काढून टाका म्हणत होते लोक!

पैशांचं बोलणं मिस्त्रींनी सरळ केलं. उघडून दुरुस्ती करायचं काम रोजंदारीवर, कारण जुन्या लाकडात आत काय निघेल ते आधी सांगता येत नाही. सगळं उक्तं घेतलं तर एक तर सुतार बुडतो, नाही तर तो नडलेली जागा तशीच झाकतो. पॉलिशचा दर पायऱ्यांना स्क्वेअर फुटावर, कठड्याला रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर, मटेरियलसकट. ही वाटणी मला फार रास्त वाटते.

आधी पेस्ट कंट्रोलवाल्यांनी भिंतीलगत भोकं पाडून औषध सोडलं. मग भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन, पाडलेल्या घराच्या तुळईचं जुनं सागवान घनफुटाच्या भावानं आणलं. जुनं एवढ्यासाठी की ते केव्हाच वाळून बसलेलं असतं, नंतर फारसं पिळवटत नाही. रंधा मारण्यापूर्वी मिस्त्रींनी त्यातला खिळा न् खिळा उपसला.

कठडा हलत होता तो खालच्या खांबाच्या सांध्यात. खांबाचं कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक, झिजून सैल झालं होतं. त्यावर सागाच्या पातळ चकत्या चिकटवून ते पुन्हा मापाला आणलं आणि खांब ठोकून बसवला. मोडलेले दोन गज कातारी काम करणाऱ्याकडून जुन्या गजाच्या नमुन्यावर कातून घेतले. पायरी करकरते ती बहुतेक वेळा फळी फळीवर घासते म्हणून, तिथे खालून पाचर आणि स्क्रू पुरतो.

(पॉलिशवाले. कापसाचा बोळा, स्पिरिटचा वास.)

पॉलिशवाले वेगळे, तेही मिस्त्रींच्याच ओळखीचे. दिवाळीनंतर, कोरड्या हवेत आले. त्यांनी कठड्याच्या रंग न चढलेल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा टेकवला, पृष्ठभाग चिकट झाला. म्हणजे मूळचं लाखेचं पॉलिश. कठड्याला तेच पुन्हा दिलं. लाख पाण्यानं आणि उष्णतेनं डागाळते, पण डागापुरती पुन्हा मारताही येते. पायऱ्यांवर पाय घासतात, तिथे ती टिकत नाही, म्हणून त्या कोऱ्या लाकडापर्यंत घासून पी.यू.चा (पॉलियुरेथेन, लाखेहून टणक पॉलिश) मॅट थर दिला. चकचकीत नको, म्हाताऱ्या माणसाचा पाय सरकतो. ८०, १२०, २२० नंबरचा पॉलिशपेपर, रेषेच्या दिशेनं, हातानं. आधी जिन्याखाली एका फळीवर नमुना करून आत्याला दाखवला. "जरा उजळ आहे," ती म्हणाली. त्यांनी एक छटा गडद केली.

(शेवटचा दिवस. मिस्त्री नव्या पायऱ्या उलट्या करून मांडीवर घेतात.)

बसवण्यापूर्वी मिस्त्रींनी पटाशी घेतली. एकीच्या पोटाला एक रेघ पाडली, दुसरीच्या पोटाला दोन. मग खाचांशीही तेवढ्याच.

पी.यू. पुरतं वाळेपर्यंत आत्या तीन रात्री ओसरीवर झोपली. चौथ्या दिवशी सकाळी देवपूजेची फुलं घेऊन वर गेली.

(कठड्यावरून सरकत जाणारा हात.)